अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद आणि तो मोडण्याचा लढा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक गोष्टी आहेत आणि कायद्यातली गुंतागुंत पुढे येते. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळावं असा प्रयत्न आहे. एकाच मुद्द्याची दोनदा उजळणी नको म्हणून दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या होत्या म्हणजे नक्की कसं? सगळ्या अमेरिकेत असंच होतं का?

सगळीकडे नाही. १९५४ साली १७ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये वेगळ्या शाळांची कायद्यानेच सक्ती होती. ही राज्यं मुख्यतः दक्षिणेतली आणि दक्षिण-उत्तरेच्या सीमेवरची. कॅन्सस, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि वायोमिंग या चार राज्यांत सक्ती नव्हती, पण स्थानिक मंडळाला मुभा होती. कॅन्ससचा नियम असा की १५,००० पेक्षा जास्त वस्तीच्या शहरांनी हवं तर प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवाव्यात. उत्तरेत बहुतेक ठिकाणी असा कायदा नव्हता, उलट काही राज्यांत मनाई होती. मॅसॅच्युसेट्सने १८५५ मध्येच वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. तरीही उत्तरेतल्या शाळा वेगळ्या का राहिल्या, ते प्रश्न १२ मध्ये.

२. 'वेगळं पण समान' हे तत्त्व आलं कुठून?

शाळेतून नव्हे, रेल्वेच्या डब्यातून. लुइझियानात गोऱ्यांच्या डब्यात बसल्याबद्दल होमर प्लेसी यांना अटक झाली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की सोयी समान असतील तर वेगळं बसवण्यात घटनेचा भंग होत नाही. विरोधातलं एकमेव मत न्यायमूर्ती जॉन हार्लन यांचं. त्यांचं नाव नेहमी गौरवाने घेतलं जातं, पण तीनच वर्षांनी काय झालं हे फारसं कोणी सांगत नाही. जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या शाळा मंडळाने पैसे नाहीत म्हणून कृष्णवर्णीयांचं एकमेव हायस्कूल बंद केलं आणि गोऱ्यांचं चालू ठेवलं. १८९९ च्या त्या खटल्यात न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही, आणि तो निकाल लिहिला हार्लन यांनीच. 'वेगळं' कायम राहिलं, 'समान'कडे पुढची चाळीस वर्षं कोणी पाहिलं नाही.

३. या शाळा किती असमान होत्या? आकडे आहेत का?

आहेत. साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) १९४९-५० मध्ये गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होता आणि कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर. गोऱ्या मुलांसाठी ३० बस होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नाही. तिथल्या पालकांची पहिली मागणी होती फक्त एका बसची. मंडळाने ती नाकारली आणि त्यातूनच पुढचा खटला उभा राहिला.

दुसरं उदाहरण व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलचं. तिथलं मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेलं, शिकत होती साडेचारशेहून जास्त. जादा वर्गांसाठी आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोपटी उभारली होती. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीने सगळ्यांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. मुलांना हवी होती नवी इमारत. वकिलांनी अट घातली की नव्या इमारतीसाठी भांडणार नाही, वेगळेपणाच मोडायचा असेल तर येतो. पालक तयार झाले.

४. थेट प्राथमिक शाळांवर खटला का भरला नाही? आधी विद्यापीठं का?

ही आखणी हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी शाखेचे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांची, आणि पुढे नेली त्यांचे विद्यार्थी थर्गुड मार्शल यांनी. हिशेब सरळ होता. कृष्णवर्णीयांसाठी प्राथमिक शाळा निदान अस्तित्वात तरी होती. कायद्याचं महाविद्यालय मात्र बहुतेक दक्षिणी राज्यांत त्यांच्यासाठी नव्हतंच, म्हणजे 'समान'चा दावा उघड उघड खोटा. शिवाय न्यायाधीश स्वतः वकील. चांगलं विधी महाविद्यालय कशाने बनतं हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. आणि प्रश्न मोजक्या प्रौढ विद्यार्थ्यांचा असल्याने गोऱ्या पालकांचा क्षोभही कमी.

मिझुरीने म्हटलं, आम्ही फी भरतो, दुसऱ्या राज्यात जाऊन शिका. १९३८ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. १९५० मध्ये टेक्ससची तुलना न्यायालयाने आकड्यांनिशी मांडली. गोऱ्यांच्या विधी शाखेत १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५,००० हून जास्त ग्रंथ. घाईघाईने उभारलेल्या वेगळ्या शाखेत ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, १६,५०० ग्रंथ. निकालात आणखी एक गोष्ट आली: माजी विद्यार्थ्यांचं वजन, नाव, ओळखी या मोजता न येणाऱ्या गोष्टीही समानतेत धराव्या लागतील. त्याच दिवशी ओक्लाहोमाचा निकाल लागला. तिथे जॉर्ज मॅक्लॉरिन यांना प्रवेश दिला होता, पण वर्गाला लागून असलेल्या खोलीत वेगळं बसवत, ग्रंथालयात वेगळं टेबल, उपाहारगृहात जेवायची वेळ वेगळी. तेही घटनाबाह्य ठरलं. इमारत एक, शिक्षक एक, पुस्तकं तीच, तरीही समान नाही. शाळांबाबतच्या ब्राउन खटल्याची (प्रश्न ५) वाट इथूनच मोकळी झाली.

५. ब्राउन खटला हा एकच खटला होता ना?

पाच होते: कॅन्सस (टोपेका), साउथ कॅरोलायना (क्लॅरेंडन काउंटी), व्हर्जिनिया (प्रिन्स एडवर्ड काउंटी), डेलावेअर आणि राजधानी वॉशिंग्टन. पहिले चार एकत्र चालवून १७ मे १९५४ रोजी ९ विरुद्ध ० असा निकाल लागला: सरकारी शाळांत वर्णावरून मुलं वेगळी ठेवणं घटनाबाह्य. वॉशिंग्टनचा निकाल त्याच दिवशी पण स्वतंत्रपणे दिला. कारण तांत्रिक आहे. समान संरक्षणाची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना लागू होते आणि वॉशिंग्टन राज्य नाही. म्हणून तिथे पाचव्या दुरुस्तीचा आधार घ्यावा लागला.

पहिली सुनावणी डिसेंबर १९५२ मध्ये झाली होती, तेव्हा न्यायाधीशांत एकमत नव्हतं. सप्टेंबर १९५३ मध्ये सरन्यायाधीश व्हिन्सन वारले आणि अर्ल वॉरन त्या जागी आले. फेरसुनावणीनंतर सगळ्यांना एका मतावर आणण्याचं श्रेय वॉरन यांचं.

६. लिंडा ब्राउनची शाळा वाईट होती म्हणून खटला झाला, बरोबर?

हा सर्वांत पसरलेला गैरसमज. टोपेकातल्या दोन्ही प्रकारच्या शाळा इमारत, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता यांत साधारण सारख्याच असल्याचं खालच्या न्यायालयाने नोंदवलं होतं. ज्यांच्या नावाने खटला ओळखला जातो त्या ऑलिव्हर ब्राउन यांची मुलगी लिंडा तेव्हा तिसरीत होती आणि तिची अडचण अंतराची होती. गोऱ्यांची समनर शाळा घरापासून सात चौक. तिला मात्र रेल्वे यार्डाजवळून चालत बस थांब्यावर जायचं आणि तिथून मैलभर लांबच्या मन्रो शाळेत.

वकिलांच्या दृष्टीने टोपेकाची किंमत नेमकी यातच होती. शाळा वाईट असती तर न्यायालय 'सुधारा' म्हणून मोकळं झालं असतं. शाळा बरी असल्यामुळे प्रश्न शिल्लक राहिला तो निव्वळ वेगळेपणाचा. त्यावर केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं बाहुल्यांवरचं काम पुढे आलं: लहान मुलांपुढे गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवून चांगली कोणती, तुझ्यासारखी कोणती, असं विचारत. बऱ्याच कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' म्हणून उचलली. क्लार्क यांचं लेखन निकालाच्या अकराव्या तळटीपेत आहे. निकाल त्यावरच उभा आहे असं मात्र नाही.

७. एवढा एकमुखी निकाल, मग दुसऱ्याच वर्षी शाळा एकत्र का झाल्या नाहीत?

कारण १९५४ च्या निकालात उपाय नव्हता. तो आला ३१ मे १९५५ ला, आणि त्यात तारीख नव्हती. अंमलबजावणी स्थानिक जिल्हा न्यायाधीशांकडे सोपवून फक्त एवढंच सांगितलं की ती 'जाणीवपूर्वक वेगाने' व्हावी. दक्षिणेने त्यातला 'वेग' सोडून दिला. मार्च १९५६ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, १०१ दक्षिणी सदस्यांनी निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला.

सर्वांत परिणामकारक हत्यार मात्र जाळपोळ किंवा दंगल नव्हतं, फॉर्म होता. 'विद्यार्थी वाटप' कायद्यांत वर्णाचा उल्लेखच नसे. प्रत्येक मूल आहे त्या शाळेत राही. बदल हवा असेल तर पालकाने त्या एका मुलासाठी अर्ज करायचा. मंडळ मुलाची तयारी, मानसिक जडणघडण, घराचं वातावरण, वर्गातली जागा असे डझनभर निकष लावून नकार देणार. मग मंडळाकडे फेरविचार, त्यावर राज्यस्तरीय अपील, आणि हे सगळं संपल्यावरच संघराज्य न्यायालय. तोवर मूल शाळा सोडून गेलेलं. अर्जावर नाव आणि पत्ता असल्यामुळे पालकाची नोकरी, पिकासाठीचं कर्ज, घराचं भाडेपत्र हे सगळं दुसऱ्या दिवशी धोक्यात. क्लॅरेंडनच्या खटल्याला नाव देणारे हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली.

फळ असं की निकालानंतर दहा वर्षांनी, १९६३-६४ मध्ये, यादवी युद्धाच्या वेळी फुटून निघालेल्या जुन्या बंडखोर ११ राज्यांत गोऱ्या मुलांसोबत शिकणारी कृष्णवर्णीय मुलं होती सुमारे १.२ टक्के.

८. लिटल रॉकला सैन्य आलं आणि प्रश्न सुटला असं शाळेत शिकलो. तसंच ना?

अर्धंच. सप्टेंबर १९५७ मध्ये अर्कान्सासचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नऊ विद्यार्थ्यांना रोखायला नॅशनल गार्ड उभं केलं. २४ तारखेला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ वी हवाई तुकडी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी मुलं आत गेली. सैनिक मुलांना वर्गाच्या दारापर्यंत सोडत. वर्गात, स्वच्छतागृहात, कपडे बदलायच्या खोलीत जायची त्यांना परवानगी नव्हती. धक्के, थुंकणं, जिन्यावरून ढकलणं बरोबर तिथेच चाले. मिनीजीन ब्राउनला फेब्रुवारी १९५८ मध्ये काढून टाकलं, अर्नेस्ट ग्रीन मे महिन्यात हायस्कूल उत्तीर्ण झाला.

पुढचं क्वचित सांगितलं जातं. मंडळाने अडीच वर्षांची मुदत मागितली. सप्टेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, आणि त्या निकालाचे लेखक म्हणून नऊही न्यायमूर्तींनी आपली नावं घातली. फॉबस यांनी मग शहरातली सगळी सरकारी हायस्कुलं १९५८-५९ चं पूर्ण वर्ष बंद ठेवली.

९. सरकारी शाळाच बंद करून टाकल्या, हे खरं आहे का? मुलं काय करत होती?

खरं आहे, आणि लिटल रॉक हे त्यातलं छोटं उदाहरण. व्हर्जिनियात सिनेटर हॅरी बर्ड यांच्या गटाने 'कडवा प्रतिकार' या नावाने कायद्यांची मालिकाच केली. ज्या शाळेत न्यायालय मिश्र प्रवेश देईल ती आपोआप बंद. १९५८ च्या शरदात फ्रंट रॉयल, शार्लट्सव्हिल आणि नॉरफोकमध्ये तसं झालं. १९ जानेवारी १९५९ ला राज्याच्या आणि संघराज्याच्या न्यायालयांनी एकाच दिवशी हे कायदे रद्द केले.

प्रिन्स एडवर्ड काउंटी, म्हणजे बार्बरा जॉन्सचीच (प्रश्न ३), तरीही नमली नाही. पर्यवेक्षक मंडळाने १९५९ मध्ये शाळेसाठी कर लावायचाच थांबवला. पैसा नाही, म्हणून शाळा नाही. गोऱ्या मुलांसाठी वर्गणीतून खाजगी अकादमी त्याच वर्षी सुरू झाली, पुढे तिला सरकारी शिक्षण-अनुदान आणि करसवलतीचा टेकू मिळाला. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांपुढे काही नव्हतं. ज्यांचे नातेवाईक बाहेर होते ती मुलं तिकडे पाठवली गेली. काहींना स्वयंसेवी संस्थांनी दुसऱ्या राज्यांतल्या कुटुंबांकडे ठेवलं. चर्चच्या तळघरात थोडंफार शिकवलं गेलं. बाकीची शेतावर. सप्टेंबर १९६३ मध्ये देणग्यांवर 'फ्री स्कूल्स' उघडल्या, तेव्हा चार वर्षं वर्गात न बसलेली मुलं वयानुसार कुठल्या इयत्तेत घालायची हा पहिला प्रश्न होता. मे १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरज पडल्यास न्यायाधीश काउंटीला कर लावायला भाग पाडू शकतो. शाळा त्या सप्टेंबरात उघडल्या. पाच वर्षं गेलेली होती.

१०. मग खरा बदल कधी झाला आणि कशामुळे?

१९६४ ते १९७०, आणि मुख्यतः पैशामुळे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने ठरवलं की वर्णभेद करणाऱ्या संस्थेला संघराज्याचा निधी नाही. चौथ्या प्रकरणाने न्याय खात्याला स्वतः दावे लावायचा अधिकार दिला, म्हणजे अर्जावर पालकाचं नाव आणि त्याची नोकरी गमावणं हे दुष्टचक्र तुटलं. त्या वेळी हा निधी होताच किती, म्हणून मंडळांनी दुर्लक्ष केलं असतं. पण १९६५ मध्ये शाळांना मोठं अर्थसाहाय्य देणारा कायदा आला आणि दक्षिणेतल्या गरीब मंडळांना त्या पैशावर पाणी सोडणं परवडेना.

दक्षिणेत बहुसंख्य गोऱ्या शाळेत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण १९६४ मध्ये २.३ टक्के होतं. १९६८ मध्ये ते २३ टक्क्यांवर आणि १९७० मध्ये ३३ टक्क्यांवर गेलं. १९८८ च्या सुमारास ४३ टक्क्यांच्या पुढे जाऊन मग ते उतरणीला लागलं. त्याची कारणं प्रश्न १४ आणि १७ मध्ये.

११. 'फ्रीडम ऑफ चॉइस'मध्ये पालकांना शाळा निवडायची मुभा होती. त्यात वाईट काय?

न्यू केंट काउंटी बघा. व्हर्जिनियातला ग्रामीण भाग, साधारण १,३०० मुलं, दोनच शाळा: पूर्वेला न्यू केंट (गोऱ्यांची), पश्चिमेला वॉटकिन्स (कृष्णवर्णीयांची). वस्त्या मिसळलेल्या. २१ बस होत्या, ११ वॉटकिन्सच्या आणि १० न्यू केंटच्या, आणि त्या एकाच रस्त्यांवरून एकमेकींना ओलांडत काउंटीभर फिरत. काउंटीची पूर्व आणि पश्चिम अशी दोन भागांत विभागणी केली असती तर बस कमी लागल्या असत्या आणि शाळाही मिश्र झाल्या असत्या. त्याऐवजी मंडळाने निवडीचा फॉर्म वाटला. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने वॉटकिन्स निवडली नाही. ८५ टक्के कृष्णवर्णीय मुलं तिथेच राहिली, कारण निवड करण्याची जोखीम फक्त त्यांच्याच घरावर येत होती.

मे १९६८ मध्ये न्यायालयाने निकाल फिरवला: जबाबदारी मंडळाची, मुलांची नाही. योजना 'आत्ता' चालली पाहिजे. तपासायच्या सहा गोष्टीही तिथूनच ठरल्या: विद्यार्थी, शिक्षक, इतर कर्मचारी, वाहतूक, अभ्यासेतर उपक्रम, इमारती. प्रश्न १७ वाचताना ही यादी लागेल. १९६९ च्या मिसिसिपी खटल्याने 'जाणीवपूर्वक वेग' औपचारिकपणे संपवला.

१२. उत्तरेत तर कायदा नव्हता. मग शाळा वेगळ्या कशा राहिल्या?

नकाशावर. शाळेची हद्द कुठे ओढायची, नवी इमारत कुठे बांधायची, एखादी शाळा ओसंडली तर मुलं शेजारच्या अर्ध्या रिकाम्या गोऱ्या शाळेत पाठवायची की आवारात तात्पुरत्या खोल्या उभ्या करायच्या, हे सगळं मंडळाच्या हातात. वर्णाची सरमिसळ होत असलेल्या भागांत 'ऐच्छिक हद्द' ठेवून गोऱ्या कुटुंबांना बाहेर पडायची सोय करून देत. त्याखाली घरांचं राजकारण: कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे करार, आणि त्यांच्या वस्त्यांना गृहकर्जाची हमी नाकारणारी सरकारी धोरणं. 'लोक आपापल्या पसंतीने राहतात' असं म्हणणं म्हणून निव्वळ मखलाशी आहे.

३ फेब्रुवारी १९६४ ला न्यूयॉर्कमध्ये साडेचार लाखांहून जास्त विद्यार्थी एक दिवस शाळेत गेले नाहीत. नागरी हक्क चळवळीतल्या सर्वांत मोठ्या निदर्शनांपैकी हे एक, तेही उत्तरेत. १९७३ मध्ये डेन्व्हरच्या खटल्यात न्यायालयाने मान्य केलं की कायदा नसला तरी मंडळाने शहराच्या मोठ्या भागात जाणूनबुजून भेद केला असेल, तर सगळं शहर जबाबदार धरता येतं. हेतू सिद्ध करण्याची अट मात्र राहिली, आणि जुनी इतिवृत्तं चाळून हेतू सिद्ध करायला वर्षं लागत.

१३. 'बसिंग'वर एवढा गदारोळ कशाला झाला? मुलांना उगीच लांब पाठवत होते का?

बस ही नवी गोष्ट नव्हती. १९६९-७० मध्ये देशातली सुमारे ३९ टक्के सरकारी शाळांतली मुलं बसनेच जात होती, आणि दक्षिणेत कित्येक वर्षं मुलांना जवळची शाळा ओलांडून लांबच्या 'आपल्या' शाळेत नेत होते. १९७१ च्या शार्लट-मेक्लेनबर्ग निकालाने (८४,००० हून जास्त विद्यार्थी, १०७ शाळा) बस हे कायदेशीर साधन ठरवलं. पद्धती साधारण तीन: हद्दी नव्याने आखणं, दोन शाळांची जोडी करून खालच्या इयत्ता एकीत आणि वरच्या दुसरीत भरवणं, किंवा शहरातला एखादा तुकडा लांबच्या उपनगरी शाळेला जोडणं. ठरावीक टक्केवारीची सक्ती नाही, आणि प्रवासाने मुलाच्या प्रकृतीला किंवा अभ्यासाला धोका होईल एवढं अंतर नको, या मर्यादाही त्याच निकालात आहेत.

बिघडायचं ते अंमलबजावणीत. बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांची शाळा बंद करून त्यांचीच मुलं हलवली गेली. खेळाच्या सरावानंतर उशिराची बस नसेल तर लांबची मुलं संघातून गळत. गाडी नसलेले पालक पालकसभेला पोचत नसत.

बॉस्टनचं १९७४ हे वाईट नियोजनाचं ठळक उदाहरण. न्यायाधीश गॅरिटी यांचा निकाल जूनमध्ये आला, शाळा सप्टेंबरात सुरू होणार. तयार असलेली सरकारी योजना जशीच्या तशी लागू झाली आणि तिने कृष्णवर्णीय रॉक्सबरी व आयरिश कामगारांचं साउथ बॉस्टन एकमेकांना जोडलं. दोन्ही गरीब, दोन्हीकडच्या शाळा सुमार. सुखवस्तू उपनगरांना झळ नाही. लुईझ डे हिक्स यांच्यासारखे नेते त्या रागावर वाढले, पहिल्याच दिवशी बसवर दगड पडले. याचा अर्थ विरोध फक्त वर्गाचा होता, वर्णाचा नव्हता, असं मात्र नाही. ५ एप्रिल १९७६ ला सिटी हॉलबाहेर ध्वजाच्या काठीने ज्यांच्यावर हल्ला झाला ते टेड लँड्समार्क सुटाबुटातले कृष्णवर्णीय वकील होते आणि बसिंगशी त्यांचा संबंध नव्हता.

१४. डेट्रॉइटचा निकाल एवढा महत्त्वाचा का मानतात?

कारण लढ्याची गाडी तिथे अडली. अमेरिकेत शाळा चालवते 'स्कूल डिस्ट्रिक्ट', स्वतःचं मंडळ आणि स्वतःचा मालमत्ता कर असलेली स्थानिक संस्था. १९७० मध्ये डेट्रॉइटच्या शाळांत सुमारे ६४ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती आणि गोरी कुटुंबं उपनगरांत जात होती. शहरातल्या शहरात कितीही अदलाबदल केली तरी उपयोग नाही हे ओळखून न्यायाधीश रॉथ यांनी ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट योजनेत घेतले. २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने ते रद्द केलं: उपनगरांनी स्वतः भेद केल्याचं सिद्ध नाही, तर त्यांच्यावर उपाय लादता येणार नाही. ब्राउन खटला लढवलेले थर्गुड मार्शल तोवर न्यायमूर्ती झाले होते, ते विरोधी मतात होते.

पैशाची वाट आधीच्याच वर्षी बंद झाली होती. सॅन अँटोनिओतल्या एजवूडमध्ये मुलामागे ३५६ डॉलर आणि शेजारच्या अलामो हाइट्समध्ये ५९४ डॉलर खर्च होत होते. १९७३ मध्ये न्यायालयाने, पुन्हा ५ विरुद्ध ४, म्हटलं की शिक्षण हा संघराज्य घटनेतला मूलभूत हक्क नाही. हे दोन निकाल एकत्र वाचले तर आजचं चित्र बहुतांश कळतं: हद्दीपलीकडे मुलं नेता येत नाहीत आणि पैसाही आणता येत नाही.

१५. कृष्णवर्णीय शिक्षकांचं काय झालं?

शाळा एकत्र झाल्या, स्टाफरूम झाल्या नाहीत. १७ दक्षिणी आणि सीमावर्ती राज्यांत १९५४ ते १९६५ दरम्यान सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. मुख्याध्यापकांना 'सहायक' करणं, करार न वाढवणं, अचानक नव्या पात्रता परीक्षा लावणं अशा रीती. या विषयावरच्या गौरवपर लेखनात हा भाग हमखास गळतो.

१६. खाजगी शाळांवर यातलं काही लागू होतं का?

ब्राउनचा निकाल सरकारी शाळांपुरता. म्हणूनच दक्षिणेत 'अकादम्या' भराभर निघाल्या. त्यांना दोन बाजूंनी गाठलं गेलं: १९७०-७१ मध्ये भेद करणाऱ्या शाळांची करमाफी काढली, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८६६ च्या नागरी हक्क कायद्यावरून ठरवलं की खाजगी शाळेलाही वर्णावरून प्रवेश नाकारता येणार नाही. फी मात्र आकारता येते. अनेक अकादम्या आजही आहेत.

१७. न्यायालयाची देखरेख कधी संपते? अजून असे आदेश चालू आहेत का?

भेदाच्या खुणा शक्य तेवढ्या पुसल्या आणि आदेश प्रामाणिकपणे पाळला हे दाखवलं की संपते. तपासणी प्रश्न ११ मधल्या सहा गोष्टींची. १९९१ च्या ओक्लाहोमा सिटी निकालाने स्पष्ट केलं की देखरेख कायमची नाही. १९९२ च्या डीकाल्ब काउंटी निकालाने ती तुकड्यातुकड्याने उठवायची मुभा दिली: वाहतूक आज मोकळी, शिक्षकांची नेमणूक नंतर. देखरेख उठल्यावर मंडळ 'घराजवळची शाळा' या तत्त्वाकडे परत गेलं आणि वस्त्या वेगळ्या असतील, तर शाळाही पुन्हा वेगळ्या होतात. ते बेकायदा नाही.

आदेश अजून आहेत, शंभराहून जास्त. मिसिसिपीतल्या क्लीव्हलँडमध्ये १९६५ चा खटला २०१६ पर्यंत चालला, तेव्हा न्यायालयाने रेल्वेमार्गाच्या दोन बाजूंची हायस्कुलं एकत्र करायला लावली. उलट लुइझियानातल्या प्लाकमिन्सचा १९६६ पासूनचा आदेश न्याय खात्याने २०२५ मध्ये मागे घेतला.

१८. हे म्हणजे आपल्याकडच्या आरक्षणासारखंच झालं ना?

नाही. आरक्षण हे जागांचं वाटप आहे आणि त्याला घटनेत थेट आधार आहे: १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने कलम १५(४) आलं. अमेरिकेत सरकारी शाळेत जागेची स्पर्धाच नसते, पत्त्यावरून शाळा ठरते. तिथला उपाय नुकसानभरपाईच्या अंगाने जातो: भेद सिद्ध झाला तर, आणि तेवढ्यापुरता. बाबासाहेब आंबेडकरांचं कोलंबिया विद्यापीठात शिक्षण झालं आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना संयुक्त राष्ट्रांपुढच्या अर्जाबद्दल पत्र लिहिलं, हा धागा खरा आहे. त्यावरून दोन कायदे सारखे ठरत नाहीत.

१९. एखादं मंडळ स्वतःहून, कोणाच्या आदेशाशिवाय, शाळा मिश्र ठेवू शकतं का?

ठेवू शकतं, पण एकेका मुलाचा वर्ण बघून नाही. २००७ मध्ये सिॲटल आणि लुईव्हिलच्या योजना ५ विरुद्ध ४ ने रद्द झाल्या, कारण जागा देताना मुलाचा वर्ण निर्णायक ठरत होता. गंमत अशी की लुईव्हिलला २००० पर्यंत न्यायालयानेच हे करायला लावलं होतं. देखरेख उठल्यावर तेच काम ऐच्छिक झालं आणि बेकायदा ठरलं. न्यायमूर्ती केनेडी यांचं मत निर्णायक होतं. त्यांनी काही वाटा मोकळ्या ठेवल्या: शाळेची जागा निवडणं, वस्तीचा विचार करून हद्दी आखणं, विशेष कार्यक्रमांना निधी. म्हणून आता मंडळं कुटुंबाचं उत्पन्न, वस्तीतली शैक्षणिक पातळी असे निकष वापरतात, किंवा खास विषयांच्या 'मॅग्नेट' शाळा काढून मुलं ओढतात.

२०. भारतीय किंवा चिनी मुलं कोणत्या शाळेत जात?

राज्यागणिक आणि कधी गावागणिक वेगळं. मिसिसिपीतल्या चिनी वंशाच्या मार्था लम हिला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने मान्य केलं. भारतीयांबद्दल नागरिकत्वापुरता प्रश्न १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात आला होता, न्यायालयाने त्यांना 'गोरे' मानलं नाही. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळा १९४७ मध्ये अपिलातही बेकायदा ठरल्या.

२१. आम्ही नुकतेच अमेरिकेत आलो आहोत. घर शोधताना याचा आमच्याशी काय संबंध?

तुम्ही भाड्याचं घर घेता तेव्हा शाळाही घेता. दोन रस्ते सोडून डिस्ट्रिक्ट बदलतो, त्याबरोबर कर, खर्च आणि वर्गातली मुलं. घरांच्या संकेतस्थळांवरचे दहापैकी गुण बऱ्याच अंशी परीक्षेतल्या गुणांवरून येतात आणि ते कुटुंबांच्या उत्पन्नाशी घट्ट बांधलेले असतात. शिकवणं कसं आहे हे त्यातून कळेलच असं नाही.

थेट माहिती हवी असेल तर असं करा. आधी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पूर्ण पत्ता टाकून शाळा नक्की करा, दलालाच्या शब्दावर राहू नका, कारण हद्दी बदलतात. मग संघराज्य शिक्षण खात्याच्या नागरी हक्क माहितीसंचात त्या शाळेचं नाव शोधा: वर्णानुसार पटसंख्या, निलंबनं, वरच्या गणिताच्या वर्गातले विद्यार्थी असं सगळं शाळागणिक मिळतं. शाळा मिश्र दिसली तरी प्रगत वर्गांतली पटसंख्या वेगळी काढून बघा, कारण एकाच छताखाली वर्ग वेगळे पडणं सर्रास आहे. डिस्ट्रिक्टवर न्यायालयीन आदेश आहे का, हे मंडळाच्या कार्यालयात विचारता येतं. आदेश असेल तर शाळा बदलून मागताना जादा नियम लागू होऊ शकतात, काही ठिकाणी वर्णाचं संतुलन सुधारणाऱ्या बदलीलाच परवानगी आणि बससेवा मिळते.